आवाज नियंत्रक, गिटार विवर्धकातील

विद्युत् गिटारीकडून येणाऱ्या क्षीण विद्युत् संकेताचा किती भाग पुढील विवर्धक टप्प्याकडे जावा, हे ठरविणारा चल रोधक. कारागिरांच्या बोलीत यास ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ किंवा नुसते ‘पॉट’ म्हणतात. ‘पॉट’ हे पोटेंशिओमीटर या नावाचे लघुरूप होय. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या जुन्या विवर्धकात जे थोडे भाग वापरताना प्रत्यक्ष घासले जातात त्यांपैकी हा प्रमुख असल्यामुळे बाकीचे मंडल सुस्थितीत असतानाही तो झिजतो. मूठ फिरविताना ध्वनिक्षेपकातून येणारी खरखर ही त्या झिजेची सर्वपरिचित खूण आहे. मात्र प्रत्येक खरखर झिजेमुळेच होते असे नाही. कारण न शोधता केलेली बदली पुष्कळदा वाया जाते आणि अखेर सबंध विवर्धकच मोडीत काढला जातो.

प्रसार : अमेरिकेत फेंडर कंपनीने १९४६ पासून, तर इंग्लंडमध्ये व्हॉक्सने १९५० नंतरच्या दशकात व मार्शलने १९६२ पासून बनविलेले नलिका-विवर्धक आजही वादकांच्या वापरात आहेत. महाराष्ट्रात लग्नाच्या वरातींत व उत्सवांत वाजविला जाणारा विद्युत् बेंजो आणि सार्वजनिक सभांचे ध्वनिवर्धक यांच्या विवर्धकांतही याच तत्त्वाचा नियंत्रक असतो. नलिकांच्या रेडिओतील नियंत्रक तर याच जातीचा. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९६१ मध्ये रेडिओ नलिकांचे उत्पादन आरंभिले. त्या काळी वर्धा, आर्वी, हिंगणघाट यांसारख्या गावांतील ज्या कारागिरांनी असे रेडिओ दुरुस्त केले, त्यांची विद्या गिटार विवर्धकाला जशीच्या तशी लागू पडते.

रचना व कार्य : नियंत्रकात कार्बनाचा लेप दिलेली घोड्याच्या नालासारखी पट्टी असते. पट्टीच्या दोन टोकांना दोन अग्रे जोडलेली असतात व तिसरे, मधले अग्र पट्टीवरून सरकणाऱ्या धातूच्या स्पर्शकाला जोडलेले असते. दांडा सु. ३००° फिरतो. एका टोकाला संकेत दिला व दुसरे टोक भूयोजित केले म्हणजे स्पर्शकाच्या स्थानानुसार संकेताचा लहानमोठा भाग मधल्या अग्रावर मिळतो आणि तो पुढील नलिकेच्या जालकाकडे जातो.

मानवी कानाला जाणवणारा आवाज संकेताच्या प्रमाणात वाढत नाही, तर स्थूलमानाने त्याच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आवाज नियंत्रकाची पट्टी एकसारख्या रोधाची नसते. दांडा अर्ध्यावर असताना स्पर्शक व भूयोजित टोक यांमध्ये एकूण रोधाच्या सु. १० ते २० टक्केच रोध येईल अशी ती बनवितात. उदा., १ मेगओहमच्या अशा नियंत्रकात मध्यस्थानी १०० किलोओहम रोध असल्यास विद्युत् दाब एकदशांश, म्हणजे २० डेसिबेलने कमी मिळतो. तेथे रेखीय नियंत्रक बसविल्यास मध्यस्थानी घट केवळ ६ डेसिबेल होते. २० डेसिबेल घटीचे स्थान मग पहिल्या ३०° मध्येच येते व बाकीच्या फेऱ्यात आवाज फारसा बदलत नाही. मूठ जरा हलविताच आवाज एकदम उसळतो अशी तक्रार बदलीनंतर आली, तर तिचे कारण बहुधा हेच असते.

झीज : स्पर्शक नेहमी पट्टीच्या ठराविक भागावरूनच फिरतो व तेथील कार्बन खरवडला जातो. सुटलेले कण आणि बाहेरची धूळ दांड्यावरील वंगणात मिसळून चिकट थर बनतो. वर्धा जिल्ह्याची हवा या दृष्टीने प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से. पर्यंत जाते व जुने वंगण वाळते. पावसाळ्यातील दमटपणाने धातूच्या स्पर्शकावर गंज चढतो. हिंगणघाट, पुलगाव यांसारख्या कापसाच्या गावी जिनिंग कारखान्यांच्या परिसरातील हवेत कापसाचे सूक्ष्म तंतूही तरंगत असतात.

केवळ मळ असेल, तर विद्युत् स्पर्शक स्वच्छ करण्याचा द्रव थोडासा आत सोडून दांडा वीस-तीस वेळा पुरता फिरविल्यास खरखर थांबते. रॉकेल किंवा घरगुती तेल वापरू नये. त्याचा थर राहून त्यावर पुन्हा धूळ बसते. झीज पडताळण्यासाठी नियंत्रकाची एक तार सोडवून मधले व टोकाचे अग्र यांमधील रोध मापकाने पाहावा. दांडा सावकाश फिरविताना रोध अखंडपणे बदलला पाहिजे. वाचन मध्येच अनंताकडे उसळल्यास पट्टी तुटली आहे असे समजावे. अशी पट्टी स्वच्छतेने सुधारत नाही.

झिजेचा आभास : पहिल्या नलिकेच्या धनाग्रावर दीडशे-दोनशे व्होल्ट एकदिश दाब असतो. हा दाब अडवून फक्त संकेत पुढे जाऊ देण्यासाठी धनाग्र व आवाज नियंत्रक यांमध्ये एक युग्मन धारित्र असते. कागद व मेणाची जुनी धारित्रे कालांतराने गळू लागतात. धनाग्रावर १५० व्होल्ट असून धारित्राचा गळती रोध १० मेगओहमपर्यंत उतरला, तर १ मेगओहमच्या नियंत्रकावर सु. १४ व्होल्ट एकदिश दाब येतो. स्पर्शक सरकताना होणारा सूक्ष्म तुटकपणा एरवी ऐकू येत नाही. पण हा दाब असल्यास तोच मोठ्या खरखरीच्या रूपाने ऐकू येतो. अशा वेळी नवा नियंत्रक बसविला, तरी तो काही दिवसांतच खरखरतो. म्हणून बदलीपूर्वी, गिटार जोडलेली नसताना, नियंत्रकाच्या दोन्ही टोकांमधील एकदिश दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य असला पाहिजे. तसा नसल्यास आधी धारित्र बदलावे. पुढील नलिका सदोष असून तिच्या जालकातून प्रवाह वाहत असल्यासही असाच परिणाम दिसतो. तो दाब मात्र मधल्या अग्रावर, दांडा निरनिराळ्या स्थानी ठेवून, मोजावा लागतो.

सुरक्षितता : दाब मोजताना विवर्धक चालू ठेवावा लागत असल्याने हे काम जाणकारानेच व एका हाताने करावे. विजेचा संबंध तोडल्यावरही गाळणी धारित्रांत ३०० ते ४५० व्होल्ट इतका प्राणघातक दाब टिकून राहू शकतो. झाळण्यापूर्वी निरोधी पकडीतील सु. २२ किलोओहम, ५ वॉटच्या रोधकातून तो १० सेकंद वाहू द्यावा व मापकाने शून्य झाल्याची खात्री करावी. अमेरिकी विवर्धक सु. ११७ व्होल्टसाठी बनविलेले असल्याने ते २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर योग्य रोहित्राशिवाय लावू नयेत. दोन पिनांच्या जुन्या दोरीऐवजी भूयोजनासह तीन पिनांची दोरी बसवावी. मुख्य पुरवठ्यापासून धातूच्या साट्याला जोडलेले जुने धारित्र असल्यास ते त्याच वेळी काढून टाकावे. ते निकामी झाल्यास गिटारीच्या तारांपर्यंत वीज पोहोचू शकते.

बदली भागाची निवड : चार गोष्टी जुळाव्या लागतात. (१) रोध : फेंडर व मार्शलच्या अनेक नमुन्यांत आवाजासाठी १ मेगओहम, तर व्हॉक्समध्ये ५०० किलोओहम आढळतो. २० टक्के इकडेतिकडे चालतो, कारण मूळ भागांतही तेवढा फरक असे. (२) पट्टीचा प्रकार : अमेरिकी व जपानी भागांवर ‘ए’ हे अक्षर लॉगरिथमी व ‘बी’ हे रेखीय प्रकार दर्शविते, जुन्या यूरोपीय भागांवर मात्र ‘ए’चा अर्थ रेखीय असतो. म्हणून अक्षरावर न विसंबता मध्यस्थानी रोध मोजून पाहावा. (३) दांडा : जुने अमेरिकी दांडे पाव इंच, म्हणजे ६·३५ मिमी. व्यासाचे असतात, तर पुष्कळ नवे ६ मिमी.चे, मुठीचा स्क्रू आवळूनही ती लटपटते. (४) स्विच : फेंडरच्या चॅम्प या लहान विवर्धकाच्या १९५० नंतरच्या दशकातील नमुन्यांत चालू-बंद करण्याचा स्विच नियंत्रकाच्याच पाठीवर असून त्यातून मुख्य पुरवठा जातो. तेथे त्या दाबाला योग्य असा स्विचसह नियंत्रकच घ्यावा.

बसविण्याची कृती : तारा सोडविण्यापूर्वी आकृती काढून प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी. टोकांची अग्रे उलट जोडली गेल्यास आवाज उलट दिशेने वाढतो. अनेक विवर्धकांत एक अग्र व इतर भूयोजित तारा नियंत्रकाच्या धातूच्या पाठीला झाळलेल्या असतात. त्या तशाच जोडल्या नाहीत तर गुणगुण येते. पाठीवर झाळताना मोठ्या क्षमतेची झाळणी थोडाच वेळ टेकवावी, कारण रेंगाळलेल्या उष्णतेने आतील पट्टी बिघडते. नट आवळताना नियंत्रक फिरू देऊ नये, नाहीतर तारांवर ताण येतो.

काढलेल्या भागाचे मोल : अमेरिकी नियंत्रकांच्या पाठीवर बहुधा आकड्यांचा ठसा असतो. त्यातील पहिले तीन अंक निर्मात्याचे व पुढील अंक वर्ष व आठवडा यांचे असतात. उदा., १३७६६३३ म्हणजे सीटीएस कंपनीने १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यात बनविलेला भाग. विवर्धक त्यापूर्वीचा असू शकत नाही, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते. अर्थात नियंत्रक मूळचा असल्यासच. यासाठी झिजलेला नियंत्रक टाकून न देता, बदलीचा दिनांक लिहिलेल्या चिठ्ठीसह पिशवीत घालून पेटीच्या आत बांधून ठेवावा. पुढील कारागिराला केलेले काम कळते आणि वाद्याच्या इतिहासाचा पुरावाही त्याच्याबरोबर राहतो.