ठेवीचा विमा आणि त्यापलीकडचा पैसा

बँकेत ठेवलेले पैसे लोखंडी तिजोरीत जसेच्या तसे पडून असतात, अशी आमच्या आठवीच्या वर्गातील बहुतेक मुलांची समजूत असते. आणि त्यांच्या पालकांपैकीही पुष्कळांची ती तशीच असते, असा आमचा अनुभव आहे. वस्तुतः ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले कर्ज होय. ते पैसे बँक दुसऱ्यास व्याजाने देते, आलेल्या व्याजातील काही भाग आपणांस देते व उरलेल्यात आपला खर्च भागविते. तिचे कर्जदार बुडाले, अथवा तिच्याच चालकांनी लबाडी केली, तर आपले पैसे परत करण्याची तिची ऐपत उरत नाही. लहानसहान शिलकीच्या बाबतीत याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. ते का, हे पुढे येईलच. परंतु ज्या कुटुंबात सेवानिवृत्तीचा फंड, महामार्गासाठी गेलेल्या शेताचा मोबदला, अथवा विकलेल्या घराची किंमत अशी मोठी रक्कम एकदम हाती येते, त्या कुटुंबाने हा विचार अवश्य केला पाहिजे. असे पालक हल्ली आमच्याकडे सल्ला विचारावयास येतात, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले.

आपल्या देशात १९६० साली लक्ष्मी बँक व केरळातील पालई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या आणि ठेवीदारांत घबराट उडाली. त्यानंतर १९६१ साली ठेवींच्या विम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. आरंभी दर माणशी केवळ १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १ मे १९९३ रोजी १ लक्ष झाली, पुढे जवळजवळ २७ वर्षे तेथेच खिळून राहिली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लक्ष करण्यात आली. हा विमा उतरविणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या मालकीची असून तिचे नाव डिपॉझिट इन्शुरन्स अँड क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन असे लांबलचक आहे. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा असतो. ठेवीदाराला पदरचे काही द्यावे लागत नाही, की विमा उतरविण्यासाठी अर्जही करावा लागत नाही. ज्याची शिलक ५ लक्षांच्या आत आहे त्याने निर्धास्त असावे, ते याचमुळे.

आता या ५ लक्षांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण घोटाळा होतो तो येथेच. ही मर्यादा प्रत्येक खात्यास नसून एका बँकेतील एका माणसास आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती उघडली तरी त्यांची बेरीज एकच धरली जाते. बचत खाते, चालू खाते, आवर्ती ठेव व मुदतबंद ठेव ही सारी त्या बेरजेत येतात. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर दुकानाच्या नावाचे खातेही मालकाच्याच हिशेबात धरतात. शिवाय मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही मोजली जातात. आम्ही वर्गात फळ्यावर एक उदाहरण घातले होते. ४,५०,००० रुपये ३ वर्षांसाठी दर साल दर शेकडा ७ या दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवले, तर अखेरीस किती होतील? उत्तर सुमारे ५,५४,००० येते. म्हणजे ५४,००० रुपये विम्याच्या बाहेर गेले. तेच ४ लक्ष ठेवले असते तर अखेरीस सुमारे ४,९२,५०० झाले असते व पैसा सगळा कुंपणाच्या आत राहिला असता. मुलांनी हे उदाहरण पटकन सोडविले. त्यांतील एकाने घरी जाऊन आजोबांच्या पावत्या तपासल्या व दुसऱ्या दिवशी आम्हांस येऊन सांगितले की, आजोबांचे गणित चुकले आहे!

त्याच बँकेचे कर्ज आपल्या अंगावर असेल तर ते वजा जाता उरेल तेवढीच रक्कम विम्यातून मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे व ती सांगताना आम्हांस घरचीच हकीकत सांगावी लागते. आमचे वडील २००४ साली कारकुनीतून निवृत्त झाले. हाती आलेले सुमारे ६ लक्ष रुपये त्यांनी गावातील एका पतपेढीत ठेवले. तिचे चालक ओळखीचे होते, कचेरी घराजवळ होती, आणि व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट होते. चार वर्षांनी एके सकाळी पतपेढीला कुलूप लागलेले दिसले. वडील पासबुक घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, “बाळ, विमा असतो म्हणतात ना?” विमा असतो तो बँकांना. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका यांच्या ठेवींना तो आहे; पतसंस्था अथवा पतपेढी कितीही जुनी व प्रतिष्ठित असो, तिच्या ठेवींना तो नाही. हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. पदवी मात्र होती. वडील पुढे कित्येक वर्षे अवसायकाच्या कचेरीत खेपा घालीत राहिले. पैशाचा पहिला हप्ता आला तेव्हा ते हयात नव्हते.

यास्तव ठेव ठेवण्यापूर्वी ही संस्था विमा उतरविलेली बँक आहे काय, असे सरळ विचारावे. कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर अशा बँकांची यादी आहे. तीत नाव सापडले नाही तर पाटीवर काय लिहिले आहे याला अर्थ नाही.

मर्यादेबाहेरील पैशाचे काय होते, हे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबईकरांनी पाहिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारास आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेने दिलेल्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. ५ लक्षांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळाले. त्यावरील पैसे मात्र वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी देण्याचे ठरले व शेवटच्या हिश्श्यास दहा वर्षांची मुदत पडली. साठी उलटलेल्या माणसास दहा वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे. या प्रकरणानंतर २०२१ साली कायद्यात सुधारणा झाली. बँकेवर असे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम मिळावी, असा आता नियम आहे. मात्र ठेवीदाराने आपला संमतीचा अर्ज व दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील वेळेवर दिला पाहिजे.

मग मोठी रक्कम ठेवावी कोठे? पहिला उपाय विभागणीचा. समजा, एका दांपत्याजवळ ४० लक्ष रुपये आहेत. एका बँकेत पतीच्या नावे ४ लक्ष, पत्नीच्या नावे ४ लक्ष, दोघांच्या नावे पतीचे नाव प्रथम घालून ४ लक्ष व पत्नीचे नाव प्रथम घालून ४ लक्ष, असे ठेवता येते. नावांचा क्रम बदलला की विम्याच्या दृष्टीने ते खाते निराळे धरले जाते. अशा रीतीने एका बँकेत १६ लक्ष सुरक्षित राहतात व तीन बँकांत सगळे ४० लक्ष मावतात. (पतीने आपले पैसे पत्नीच्या नावे ठेवले तरी त्यावरील व्याज प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरतात, या युक्तीने कर वाचत नाही.) मात्र पंधरावीस बँकांत पैसे पसरून ठेवण्याचा खटाटोप आम्हांस मानवत नाही. वृद्धपणी पावत्यांचाच घोळ होतो.

दुसरा उपाय म्हणजे पैसे सरकारकडेच ठेवणे. टपाल कचेरीतील ठेवींस ५ लक्षांची मर्यादा लागू नाही, कारण त्या भारत सरकारच्या जबाबदारीवर असतात. साठी ओलांडलेल्यांसाठी असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसास २०२३ पासून ३० लक्षांपर्यंत ठेवता येतात; राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांस तर कमाल मर्यादाच नाही. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणसास रिझर्व्ह बँकेकडे खाते उघडून सरकारी रोखे व ९१, १८२ अथवा ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले थेट घेता येतात. रोखे मुदत संपेपर्यंत ठेवले तर ठरलेले पैसे मिळतात. मध्येच विकले तर बाजारभावाप्रमाणे कमीअधिक मिळतात. येथे गैरसोय एकच, पैसा हवा त्या क्षणी हाती येत नाही.

मोठ्या बँकेत सगळे पैसे ठेवले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. मोठ्या बँका सहसा बुडू दिल्या जात नाहीत, हे खरे आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेथेही ठेवीदारांचे मुद्दल बुडाले नाही व तेरा दिवसांत व्यवहार पूर्ववत झाले. परंतु त्या तेरा दिवसांत सर्वसाधारणपणे ५०,००० रुपयांहून अधिक काढता येत नव्हते. त्याच आठवड्यात ज्याच्या घरी शस्त्रक्रिया होती, त्याची काय अवस्था झाली असेल? म्हणून चार-सहा महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या एखाद्या बँकेत वेगळा असावा, असे आमचे मत आहे. तो कपाटात नोटांच्या रूपाने ठेवणे मात्र आम्हांस पसंत नाही. चोराची भीती असतेच, आणि महागाई तर कुलूप न फोडताच आत शिरते.

प्रत्येक खात्यास वारस नेमलेला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील एका खात्यास चौघांपर्यंत नावे देता येतात. सर्व ठेवींची एक यादी, बँकेचे नाव, रक्कम व मुदत संपण्याची तारीख लिहून, घरातील दोन माणसांस ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. मोठ्या मुलांनी ही यादी आईवडिलांना करून दिली तर उत्तमच. ज्या पालकांना असा हिशेब मांडण्यास मदत हवी असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. पावत्या मात्र सोबत आणाव्यात.