सर्व्हरलाही हवं ‘कॅच सायडिंग’

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाट उतरायला लागली की मध्येच जंगलात थांबते. ना फलाटावर गर्दी, ना चहावाला. मंकी हिल, नागनाथ, ठाकुरवाडी, जांबरूंग ही नावं कर्जतच्या पोरांना पाठ असतात, पण तिथे उतरणारं कुणी नसतं. ‘सिग्नल मिळाला नसेल’ असं म्हणत आपण पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. थोड्या वेळाने गाडी हलते आणि आपण विसरून जातो.

पण ते थांबणं उगाच नसतं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या भोर घाटातल्या लोहमार्गाचा उतार १:३७ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर खाली आलेली असते. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर उतार. इथे ब्रेक गेले तर गाडी थेट कर्जतच्या दिशेने सुसाट सुटणार. म्हणून घाटात ‘कॅच सायडिंग’ ठेवलेत. मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या बाजूला वर चढत जाणारा हा रुळांचा तुकडा. ब्रेक गेलेली गाडी त्यावर गेली की चढामुळे तिचा वेग आपोआप मरतो.

यातली खरी गंमत सांध्यात आहे. हा सांधा एरवी मुख्य मार्गाला नाही, तर सायडिंगलाच लावलेला असतो. म्हणजे येणारी प्रत्येक गाडी ‘ब्रेक गेलेली’ आहे असंच आधी गृहीत धरायचं. गाडीने थांबून दाखवलं, ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध केलं, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. डेक्कन क्वीन असो नाहीतर मालगाडी, नियम सगळ्यांना सारखा.

तुमचा लिनक्स सर्व्हर सुरक्षित ठेवायचा असेल, तर यापेक्षा वेगळं फारसं काही शिकायचं नाहीये. आधी सगळं बंद. ज्याने स्वतःला सिद्ध केलं, त्याच्यापुरतंच उघडं.

‘लिनक्स आहे ना? मग काय टेन्शन!’

समजा, कॉलेजचा फेस्टिव्हल तोंडावर आलाय. नावनोंदणीची वेबसाइट तुमच्या गळ्यात पडलीये. तुम्ही महिन्याला काही शे रुपये भरून क्लाउडवर एक मशीन घेता, त्यावर उबुंटू किंवा डेबियन टाकता, रात्री जागून साइट उभी करता. सकाळी लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर! दोन दिवसांत पाचशे जणांची नावं, फोन नंबर, कॉलेजच्या ओळखपत्रांचे फोटो तुमच्याकडे जमा. कुणी विचारलंच, ‘सिक्युरिटीचं काय?’ तर उत्तर तयार असतं. ‘लिनक्स आहे रे, त्याला व्हायरस लागत नाही!’

लिनक्सचा हा दबदबा अगदीच खोटा नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे. पण कुलूप कितीही भारी असलं तरी किल्ली पायपुसण्याखाली ठेवली तर त्याचा उपयोग काय?

‘आमच्या साइटवर कोण कशाला येईल?’ हा दुसरा गैरसमज. तुमच्याकडे कुणी तुम्हाला ओळखून येत नाही. इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचं साधन बनवलं आणि एका साध्या मशीनवरून हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासता येतात हे दाखवून दिलं. आज असे बॉट दिवसरात्र प्रत्येक दार ठोठावत फिरत असतात. नवीन सर्व्हर सुरू करा आणि थोड्या वेळाने लॉगिनची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून बघा. ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी आत शिरण्याच्या फसलेल्या प्रयत्नांची रांग दिसेल. तुम्ही अजून लिंकही शेअर केलेली नसते!

यातून काय होऊ शकतं, ते २०१६ मध्ये जगाने बघितलं. ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. त्यासाठी कुठलीही जादू लागली नाही. कारखान्यातून येतानाच ठरलेली युजरनेम-पासवर्डची साठेक जोड्यांची यादी पुरली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच फौजेच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळत होत्या. आणि मिराई बनवणाऱ्यांपैकी एकजण कॉलेजचा विद्यार्थी होता. तुमच्याच वयाचा.

पुण्यात काय घडलं?

घाटाच्या वरच्या टोकाला, पुण्यात, ११ ऑगस्ट २०१८ ला जे झालं ते आठवून बघा. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवस्थेत मालवेअर शिरलं. एटीएममधून पैसे मागितले की ती विनंती ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेकडे जाते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं उत्तर येतं. हल्लेखोरांनी मध्ये स्वतःचा खोटा स्विच उभा केला. तो एकच शब्द बोलायचा, ‘द्या’. बनावट कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभीच होती. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण फटका ९४ कोटींहून जास्त. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं.

एटीएमच्या स्विचवर डल्ला मारणाऱ्या अशाच धाटणीच्या एका मालवेअरची लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती २०२४ मध्ये संशोधकांच्या हाती लागली. म्हणजे ‘आपलं लिनक्स आहे’ हे वाक्य आता बँकेलाही पुरत नाही.

कॉसमॉसची गोष्ट घाटाच्या भाषेत सांगायची तर सांधाच भलत्याच्या हातात गेला होता. आता आपल्या छोट्याशा सर्व्हरचे सांधे कुठे कुठे आहेत, ते बघू.

हे सहा सांधे आजच तपासा

१. अपडेट : सर्व्हर मिळाल्यावर पहिलं काम साइट टाकणं नाही, अपडेट करणं. त्रुटी जाहीर होते, दुरुस्ती येते आणि त्याच दिवसापासून बॉट दुरुस्ती न केलेली मशीन शोधायला लागतात. उबुंटू-डेबियनमध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवण्याची सोय आहे. ती चालू आहे का ते बघा.

२. रूटला रजा : रूट म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. हे नाव प्रत्येक लिनक्सवर असतंच, म्हणजे हल्लेखोराचं अर्धं काम आधीच झालेलं. स्वतःसाठी वेगळा युजर बनवा, गरज पडेल तेव्हाच ‘सुडो’ वापरून अधिकार घ्या आणि बाहेरून रूटने थेट लॉगिन करणं बंद करून टाका. ग्रुपमधल्या चौघांना काम करायचं असेल तर चार वेगळे युजर. एकच पासवर्ड चौघांत वाटला की कुणी काय केलं ते नंतर ब्रह्मदेवालाही कळत नाही.

३. पासवर्ड नको, किल्ली हवी : लांबून सर्व्हरवर काम करायचा रस्ता म्हणजे एसएसएच. त्यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. खाजगी किल्ली तुमच्या लॅपटॉपवर, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. पासवर्ड अंदाजाने सापडू शकतो, अशी किल्ली नाही. किल्ली चालतेय याची खात्री झाली की पासवर्डने लॉगिन बंद. खाजगी किल्लीलाही स्वतःचा परवलीचा शब्द लावा आणि ती कधी कुणाला पाठवू नका.

४. फायरवॉल : खरं कॅच सायडिंग हेच! उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ नावाची सोपी फायरवॉल आहे. तिला आधी सांगायचं, बाहेरून येणारं सगळं अडव. मग मोजकी दारं उघडायची. एसएसएचसाठी २२, वेबसाइटसाठी ८० आणि ४४३. बस्स. डेटाबेसचं दार, उदाहरणार्थ मायएसक्यूएलचं ३३०६, बाहेरच्या जगाला दिसायचं काहीच कारण नाही. तुमची साइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर आहेत, ते आतल्या आत बोलतील. डॉकर वापरत असाल तर जरा जास्त सावध राहा. डॉकरने बाहेर उघडलेलं दार यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन जातं.

५. वारंवार ठोठावणाऱ्याला बाहेर : ‘फेल-टू-बॅन’ हे साधन लॉग वाचत बसतं. एकाच पत्त्यावरून सारखे चुकीचे प्रयत्न दिसले की तो पत्ता काही काळ अडवतं. किल्ली असेल तर हे दुय्यम, पण लॉगमधला कचरा कमी होतो.

६. ‘७७७’ची सवय सोडा : फाइल उघडत नाही म्हणून यूट्यूबवर बघून परवानगी ७७७ करून टाकायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. त्याचा अर्थ, मशीनवरचा कुणीही ही फाइल वाचू, बदलू, चालवू शकतो. तसंच डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहून तो कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला टाकणं. नंतर ती ओळ पुसली तरी जुन्या नोंदीत ती राहतेच. असं झालं असेल तर पासवर्डच बदला.

एक सल्ला मात्र सोन्यासारखा जपा. एसएसएच किंवा फायरवॉलमध्ये बदल करताना चालू असलेलं लॉगिन बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत जाता येतंय ना ते आधी बघा. आणि फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचचं दार उघडं असल्याची खात्री करा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर अडकाल!

अर्ध्या सेकंदाने जग वाचलं

सांधे नीट लावले म्हणजे झोपा काढायला मोकळे, असं नाही. मार्च २०२४ ची गोष्ट. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला जाणवलं की आपल्या मशीनवर एसएसएचचं लॉगिन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. तो खोदत गेला आणि ‘एक्सझेड’ या फाइल आक्रसून ठेवणाऱ्या, असंख्य लिनक्स मशीनवर असणाऱ्या प्रकल्पात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात प्रामाणिक मदतनीस म्हणून वावरत विश्वास कमावला होता. २९ मार्चला फ्रॉइंडने हे जाहीर केलं, तेव्हा तो चोरदरवाजा बहुतेक ठिकाणी चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता.

ओपन सोर्सची दोन्ही अंगं या एका गोष्टीत आहेत. कोड उघडा म्हणून शत्रूही मदतनीस बनून आत शिरू शकतो. आणि कोड उघडा म्हणूनच एक चौकस माणूस त्याला पकडू शकतो. पण कुणीतरी बघायला तर हवं! म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काढा. शेवटी कोण लॉगिन झालं, कुठली दारं उघडी आहेत, प्रोसेसर कारण नसताना शंभर टक्के तर चालत नाही ना? तसं असेल तर कदाचित तुमच्या पैशांवर कुणीतरी क्रिप्टोचं खाणकाम करतंय.

आणि तरीही गाडी घसरली तर?

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ मालवेअरचा फटका आपल्या रायगडपर्यंत आला होता. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाचं जगभरातलं कामकाज कोलमडलं होतं. ती सगळी विंडोजची मशीन होती, पण धडा सगळ्यांसाठी आहे. जगभरातल्या युजरची नोंद ठेवणारे कंपनीचे सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून!

तुमचा डेटा लोडशेडिंगच्या भरवशावर ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपवरून साइट खरंच परत उभी करून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.

हल्ला झालाच तर लपवू नका. मशीन नेटवर्कपासून तोडा, लॉग पुसू नका, कॉलेजमध्ये सरांना-मॅडमना सांगा आणि ज्यांची माहिती होती त्यांनाही सांगा. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० ही हेल्पलाइन आहे. एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार संस्थांना असे प्रकार सहा तासांच्या आत कळवावे लागतात आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. आणखी एक. हे सगळं शिकताना हात शिवशिवतील, पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय ‘टेस्टिंग’ करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार गुन्हा आहे. सरावाला घरातला जुना लॅपटॉप किंवा व्हर्च्युअल मशीन भरपूर झालं. इंग्रजीचं दडपण असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट.

शेवटी प्रश्न मशीनचा नाहीच. फेस्टिव्हल संपला की तुम्ही ती साइट विसरता. पण त्यातले पाचशे फोन नंबर आणि ओळखपत्रं तिथेच पडून असतात, अपडेट न केलेल्या मशीनवर, दार उघडं टाकून. त्या मुलामुलींनी ती माहिती तुमच्या भरवशावर दिली होती. काम झालं की ती पुसून टाकणं आणि सर्व्हर बंद करणं हासुद्धा सुरक्षेचाच भाग आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ठाकुरवाडीच्या आसपास गाडी थांबली आणि शेजारचा वैतागला, तर त्याला सांध्याची गोष्ट सांगा. आणि घरी पोहोचलात की तुमच्या सर्व्हरचा सांधा कुठल्या बाजूला लावलाय, तेवढं एकदा बघून घ्या.