कॉफी भाजणीचा कारखाना : खळ्यावरील चुका जेथे दिसू लागतात

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात चिकमगळूर जिल्ह्यात अरेबिकाची तोडणी आटोपलेली असते, रोबस्टा खळ्यांवर वाळत असते आणि बागायतदारांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. फुलोऱ्यासाठी लागणाऱ्या सरी याच सुमारास सुरू होतात. या धांदलीतून एक दिवस काढून वीस-बावीस जणांचा एक गट शहराबाहेरील एका कॉफी भाजणी कारखान्यात आला होता. त्यात कर्नाटकातील लहान बागायतदार होते, विस्तार कार्यकर्ते होते आणि महाराष्ट्रात कॉफीची जुनी लागवड जेथे टिकून आहे त्या चिखलदऱ्याहून आलेले दोन शेतकरीही होते. मुडिगेरे तालुक्यातील एका बागायतदाराने सोबत कापडी पिशवीत दीड किलो कॉफी आणली होती. ती त्याच्या स्वतःच्या बागेतली होती, आणि तीस वर्षे कॉफी पिकवूनही त्याने ती वेगळी भाजून कधी चाखलेली नव्हती.

यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही. नव्वदच्या दशकापर्यंत देशातील कॉफी ही कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावी लागे. बागायतदाराला त्याच्या मालाचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. माल मात्र इतरांच्या मालात मिसळून जाई. 1992 पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि 1996 मध्ये बागायतदाराला आपला सर्व माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. तरीही टरफलासह वाळवलेली कॉफी पोत्यात भरून व्यापाऱ्याच्या हवाली करायची, ही सवय बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया आणून जवळच्याच डोंगरावर लावल्या, ही कथा या जिल्ह्यातील लहान मुलालाही ठाऊक असते; आपल्या बागेतील कॉफीची चव मात्र पुष्कळ बागायतदारांना ठाऊक नसते.

आत जाण्यापूर्वी प्रत्येकाला डोक्याला टोपी घालावी लागली आणि अंगठ्या-घड्याळे बाहेर ठेवावी लागली. अत्तर लावून आलेल्या एकाला चव-कक्षाबाहेरच थांबण्याची विनंती झाली. कारखान्याच्या गुणवत्ता विभागातील अधिकारी बाई माहिती देत होत्या. त्यांनी पहिला मुक्काम केला तो गोदामात. कच्ची कॉफी आजूबाजूचा वास झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे खत, कीटकनाशक, डिझेल किंवा मिरीची पोती जेथे ठेवली आहेत त्या खोलीत कॉफी ठेवली, तर तो वास भाजल्यानंतरही पूर्णपणे जात नाही, असे त्यांनी सांगितले. बागेत एकच गोदाम असणाऱ्या अनेकांनी त्या वेळी एकमेकांकडे पाहिले.

पोत्यांवरील खुणा वाचण्यातही बराच वेळ गेला. गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला व्यापारात ‘प्लँटेशन’ म्हणतात. फळ सालीसकट वाळवले की ती ‘चेरी’ होते. पुढची अक्षरे चाळणीची. बी जितकी मोठी तितकी प्रत वरची, असा हा हिशेब आहे. ज्या फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरतो त्याची ‘पीबेरी’ ही प्रत वेगळी काढली जाते. बाईंनी मात्र हेही स्पष्ट केले की आकार आणि चव यांचे नाते लोक समजतात तेवढे सरळ नाही. भाजणाऱ्याला सारख्या आकाराची बी हवी असते ती मुख्यतः ती सारखी भाजली जावी म्हणून.

आर्द्रतामापकाजवळ थोडा वाद झाला. माल जास्त ओला म्हणून भावात कपात होते, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. कच्च्या कॉफीत 10 ते 11 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असावी, अशी अपेक्षा असते. त्याहून अधिक असेल तर साठवणीत बुरशी धरते, बी पांढुरकी पडते आणि ऑक्रॅटॉक्सिनसारख्या विषारी घटकाचा धोका वाढतो. शिवाय खरेदीदार पाण्याचेही पैसे मोजतो. पण फाजील वाळवलेली बी टरफल काढताना फुटते आणि वजनातही घट येते. म्हणजे दोन्हीकडून तोटा बागायतदाराचाच. आर्द्रता मोजण्याचे यंत्र गावात एक तरी असावे, ही मागणी तेथे उपस्थित असलेल्या विस्तार कार्यकर्त्यांनी टिपून घेतली.

भाजणीच्या दालनात शिरताच कॉफीचा परिचित सुगंध येईल, या अपेक्षेने आलेल्यांचा जरा विरस झाला. सुरुवातीला तेथे वास होता तो ओल्या गवताचा. लोखंडी ढोल सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात 60 किलो कच्च्या कॉफीचा घाणा सोडला, की आतले तापमान एकदम खाली येते आणि मग सावकाश चढू लागते. पहिली काही मिनिटे केवळ पाणी निघून जाण्याची. नंतर हिरवट बी पिवळी पडते आणि पाव भाजल्यासारखा वास सुटतो. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून रंग आणि गंध घडण्याचा हा टप्पा. कारागीर येथून पुढे यंत्राजवळून हलत नाही. एका लांब पळीने तो क्षणाक्षणाला नमुना बाहेर काढतो, नाकाशी धरतो आणि परत आत लोटतो. तापमान 200 अंशांच्या आसपास आले की लाह्या फुटाव्यात तशी तडतड ऐकू येते. बीच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू बाहेर पडतात, बी फुगते, तिच्यावरचा रुपेरी पापुद्रा सुटून कोंड्यासारखा उडतो. तडतड थांबल्यावर किती वेळ थांबायचे, हाच भाजणीतला खरा निर्णय. लवकर काढली तर आंबटपणा आणि बागेचा गुण टिकतो. उशिरा काढली तर कडवटपणा वाढतो आणि सगळ्या बागांची कॉफी थोडीफार सारखीच लागू लागते. दोष लपवायचे असतील तर गडद भाजतात, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले.

घाणा बाहेर पडला तो गोल जाळीच्या थाळीत. खालून जोराची हवा ओढून तो काही मिनिटांत थंड केला जातो, नाही तर बी स्वतःच्या उष्णतेने पुढे भाजत राहते. मग खडे वेगळे करण्याचे यंत्र. कॉफी हलकी झालेली असल्यामुळे हवेच्या झोताने ती वर उचलली जाते आणि खडे, खिळे खाली राहतात. या यंत्राखालच्या डब्यात जमलेला ऐवज पाहून खळ्यांवर काय काय पडलेले असते, याची कल्पना सर्वांना आली.

वजनकाट्यावर त्या 60 किलोंचे 51 किलो झाले होते. साधारण 6 किलो पिकलेल्या फळांपासून 1 किलो कच्ची कॉफी मिळते आणि भाजल्यावर तिचे 850 ग्रॅमच्या आसपास उरतात. दुकानातील पुडीचा भाव आणि बागेतला भाव यांची थेट तुलना करणाऱ्यांनी निदान ही घट तरी आधी वजा करायला हवी. पुड्यांच्या विभागात फार काळ थांबणे झाले नाही. ताज्या भाजलेल्या कॉफीतून कर्बद्विप्राणिद वायू बराच काळ निघत राहतो, म्हणून पुडीला एकाच दिशेने हवा सोडणारी झडप असते, एवढे कळले. चिकोरीचा उल्लेख मात्र टळला नाही. गुजरात व उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या या मुळाची भाजलेली पूड मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे. पण अशा मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असले पाहिजे.

दुपारनंतर कापडी पिशवीतली कॉफी बाहेर निघाली. नमुने भाजण्याच्या लहानशा ढोलात तिचे 200 ग्रॅम टाकले गेले. थंड झाल्यावर काळ्या तबकात पसरताच तपकिरी दाण्यांमध्ये फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे दाणे उठून दिसू लागले. ही कच्ची तोडलेली फळे. त्यांत पुरेशी शर्करा भरलेली नसते, म्हणून ती भाजणीत रंग धरत नाहीत. कच्च्या कॉफीत मात्र त्यातले बरेच दाणे डोळ्यांना चकवतात. चव-कक्षात प्रत्येक वाटीत 8.25 ग्रॅम भरड पूड आणि 150 मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, मग आवाज करत घोट ओढायचा. शेजारी दुसऱ्या बागेचा निवडक नमुना होता. फरक सांगावा लागला नाही. मुडिगेरेच्या कॉफीत तुरटपणा होता आणि मागे ओल्या मातीची चव रेंगाळत होती.

बागायतदाराने काही लपवले नाही. डिसेंबरात फळे खळ्यावर असताना दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, ताडपत्री अपुरी पडली. तोडणीला मजूर मिळत नाहीत. चार फेऱ्यांऐवजी दोनच झाल्या, आणि दुसऱ्या फेरीत पिकले-न पिकले सगळेच ओरबाडले गेले. निवडून तोडण्याची मजुरी वाढीव भावातून निघेल का, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. सर्वसाधारण व्यापाऱ्याकडे विकणार असाल तर बहुधा निघणार नाही. निवडक मालाचा ग्राहक आधी ठरलेला असेल तरच निघेल, असे त्यांचे उत्तर होते. सगळी बाग एकदम बदलण्याऐवजी एका कोपऱ्यातील फळे वेगळी तोडून, जमिनीपासून उंच जाळीवर पातळ थरात वाळवून पाहावीत आणि संध्याकाळी झाकावीत, हा त्यांचा सल्ला होता. कशावर विसंबून तो ग्राहक शोधायचा, हा प्रश्न त्यानेही शेवटपर्यंत सुटला नाही.

चिखलदऱ्याच्या शेतकऱ्यांना लहान भाजणीयंत्र घ्यायचे होते. पर्यटक येतात, तेथेच पुड्या विकता येतील, असा त्यांचा विचार. त्यावर आलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. कच्ची कॉफी नीट ठेवली तर कित्येक महिने थांबू शकते. भाजलेली कॉफी काही आठवड्यांतच सुगंध गमावू लागते. म्हणजे यंत्र घेतल्याच्या दिवसापासून बागायतदार दुकानदार होतो. 5 किलोंच्या यंत्रावर तासाला तीन-चार घाणे निघतात. एवढा माल रोज खपणार नसेल तर आधी एखाद्या भाजणी केंद्रातून मजुरी देऊन भाजून घ्यावा, दोन हंगाम गिऱ्हाईक पाहावे आणि मग यंत्राचा विचार करावा.

निघण्याआधी मुडिगेरेच्या बागायतदाराने एक विनंती केली. उरलेल्या भाजलेल्या दाण्यांतून फिकट दाणे त्याने स्वतः वेचून काढले आणि पुन्हा एक वाटी करायला लावली. तुरटपणा बराच कमी झाला होता. मातीची चव मात्र तशीच होती. वेचलेले दाणे त्याने एका पुडीत आणि राहिलेले दुसऱ्या पुडीत बांधून घेतले, दोन्हींवर तोडणीची तारीख लिहिली आणि उंच जाळीला दर चौरस मीटर खर्च किती येतो, हे विचारत तो विस्तार कार्यकर्त्यासोबत गाडीकडे गेला.