जुन्या प्रोग्रामची शाकारणी

पेंटियम टू प्रोसेसरचे संगणक १९९७ साली बाजारात आले आणि घरोघरी चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांना एका विचित्र दुखण्याने गाठलं. कालपर्यंत बिनतक्रार चालणारी युटिलिटी नव्या संगणकावर चढवली की पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ एवढीच ओळ उमटायची आणि प्रोग्राम सुरू होण्याआधीच मान टाकायचा. या क्रमांकाचा अर्थ शून्याने भागाकार. पण त्या प्रोग्राममध्ये कुणी कशालाच शून्याने भागत नव्हतं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या पुष्कळ प्रोग्रामना पडदा हाताळण्यासाठी एक तयार भाग जोडलेला असायचा. तो भाग सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजून ठेवायचा: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, रिकामी फेरी किती वेळा फिरते हे मोजायचं, त्या आकड्याला ५५ने भागायचं आणि उत्तर सोळा बिटांच्या खणात ठेवायचं. त्या खणात ६५,५३५पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एका ठोक्यात फेऱ्या सुमारे ३६ लाखांच्या वर गेल्या की भागाकार खणाबाहेर सांडतो. अशा वेळी प्रोसेसर जी धोक्याची घंटा वाजवतो, तीच तो शून्याने भागल्यावरही वाजवतो. म्हणून संदेश चुकीचा, आणि म्हणून प्रोग्राम ठप्प. प्रोग्राममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलला होता तो त्याच्या भोवतालचा काळ.

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिला असा बोर्ड सुरू केला. एक संगणक, एक मोडेम, एक टेलिफोन लाइन. दुसऱ्या कुणी आपल्या मोडेमवरून तो नंबर फिरवायचा, निरोप वाचायचे, आपले लिहायचे, फाइली घ्यायच्या-द्यायच्या आणि फोन ठेवायचा, मग पुढच्याचा नंबर. १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट उभं केलं. त्यात हे बोर्ड रात्री, फोनचे दर उतरल्यावर, एकमेकांना फोन लावून टपाल पुढे सरकवायचे. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. त्याआधी आपल्याकडेही असे बोर्ड होते. बंगळुरात अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स त्यांपैकी एक. बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. त्याचा मुख्य प्रोग्राम म्हणजे घराचा नुसता सांगाडा. रोजची कामं करायचे ते डझनभर छोटे प्रोग्राम, म्हणजेच युटिलिटी: कुणी आलेलं टपाल वर्गवार लावणारा, कुणी जुने निरोप काढून टाकणारा, कुणी फाइली आवळून बांधणारा. यांतला प्रत्येक बहुधा एकट्यादुकट्या माणसाने फावल्या वेळात लिहिलेला असायचा. मध्यरात्री एक बॅच फाइल या सगळ्यांना ओळीने उठवायची. मधला एक जरी अडखळला, तरी सकाळी बोर्डावर शिळं टपाल.

मला म्हणायचं आहे ते असं. यांतले कोणते प्रोग्राम आज चालतात आणि कोणते गेले, याचा निकाल त्यांच्या गुणवत्तेने लावलेला नाही. ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, दुसऱ्यांच्या हाती आला ते टिकले. ज्यांचा आला नाही, ते कितीही सुबक असोत, काळाच्या पहिल्या-दुसऱ्या धक्क्याला पडले. कोकणात कौलारू घर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं. कौलं चांगली होती की वाईट हा प्रश्न तिथे गौण आहे. कुणीतरी छपरावर चढू शकतो का, हा खरा प्रश्न. प्रोग्रामच्या छपरावर चढायची शिडी म्हणजे सोर्स कोड.

धक्के तरी कसले, ते पाहण्यासारखं आहे. सीरियल पोर्ट आणि बोर्डाचा प्रोग्राम यांच्यामध्ये फॉसिल नावाचा एक दुवा असायचा. त्यामुळे प्रत्येक लेखकाला प्रत्येक यंत्रासाठी वेगळा कोड लिहावा लागत नसे; ही त्या काळातली फार शहाणी सोय होती. पण त्यात वेग सांगायला तीनच बिट राखलेले होते. तीन बिटांत आठ पर्याय मावतात, ३०० ते ३८,४००. मोडेम आत येणारा मजकूर उलगडून पुढे देऊ लागले तेव्हा संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग ५७,६०० आणि १,१५,२०० वर गेला, आणि तो सांगायला जागाच उरली नाही. मग पोर्टचा वेग आधीच कुलूपबंद करून ठेवायचा आणि प्रोग्राम जे सांगेल त्याकडे कानाडोळा करायचा, अशी तोड निघाली. फिडोनेटच्या टपालात प्रत्येक निरोपावर तारीख असते, पण वर्ष दोनच आकडी. ‘००’ म्हणजे १९०० असं समजणाऱ्या सफाईच्या युटिलिटीला १ जानेवारी २००० रोजी आलेला निरोप शंभर वर्षांचा जुना वाटणार आणि ती तो पुसणार. सी भाषेत वर्ष १९०० पासून मोजलं जातं. त्याच्या पुढे डोळे मिटून ‘१९’ चिकटवणाऱ्या प्रोग्रामने २००० साल ‘१९१००’ असं छापलं. फिडोनेटच्या सभासद-बोर्डांची यादी तर दर आठवड्याला निघते, आणि फाइलीच्या नावाशेवटी वर्षातला कितवा दिवस तो तीन आकडी क्रमांक असतो. सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे सर्वांत ताजी यादी, असं धरून चालणारा प्रोग्राम डिसेंबरपर्यंत बरोबर असतो आणि जानेवारीत चुकतो. यातली एकही चूक आळसाची नाही. जागा महाग होती, एक-दोन बाइट वाचवणं ही कारागिरी होती, आणि आपलं काम वीस-तीस वर्षं चालेल असं त्या लेखकांच्या मनातही नव्हतं.

एरर २०० वर इलाज निघाला, तोही बाहेरच्यांनी काढला. टर्बो पास्कलमधून निघालेल्या आणि पडद्याचा तो भाग जोडलेल्या प्रत्येक फाइलीत वेग मोजणारा तो तुकडा ठरलेल्या बाइटांच्या ओळीने ओळखू येतो. ती ओळ शोधून तेवढेच बाइट बदलणारे छोटे प्रोग्राम लोकांनी लिहिले आणि मोफत वाटले. हे वाचून कुणी म्हणेल, मग सोर्स कोडशिवायही भागलं की! भागलं, कारण एकच चूक हजारो प्रोग्राममध्ये अक्षरशः तशीच्या तशी होती. तारखेची चूक मात्र प्रत्येक लेखकाने आपापल्या पद्धतीने केलेली. तिथे असा एकच रामबाण लागू पडत नाही. प्रत्येक छपरावर वेगळं चढावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुने प्रोग्राम डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवावेत, वेग मंद करावा, आणि सगळं होतं तसं चालू द्यावं, सुधारणा कशाला? ६४ बिटी विंडोजवर सोळा बिटी डॉस प्रोग्राम थेट चालतच नाहीत, तेव्हा एम्युलेटरची गरज मला पूर्ण मान्य आहे. जतन म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, तिला हात लावू नये, हेही मान्य. पण बोर्ड म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नव्हे. तो दुसऱ्या बोर्डांशी टपाल बदलतो. आपल्या खोलीतलं घड्याळ १९९५वर नेऊन ठेवता येतं, समोरून येणाऱ्या पत्रावरची तारीख बदलता येत नाही. शिवाय आजचे बहुतेक बोर्ड फोनऐवजी इंटरनेटवरून उघडतात. पासवर्ड उघडाच नेणारा प्रोग्राम एका टेलिफोन लाइनवर खपून जात होता. जगाच्या वेशीवर बसवला की त्याचं दार रात्रंदिवस ठोठावलं जातं. इथे दुरुस्ती हाच टिकण्याचा मार्ग. रॉब स्विंडेल यांचा सिंक्रोनेट हा बोर्डाचा प्रोग्राम १९९१पासूनचा आहे. त्याचा सोर्स पुढे खुला झाला, आणि तो आजही लिनक्सवर, विंडोजवर, एसएसएच या कूटबद्ध जोडणीसह चालतो. स्कॉट डडली यांच्या मॅक्सिमस या बोर्डाच्या प्रोग्रामचा सोर्सही असाच खुला झाला.

राहिला लेखकाच्या हक्काचा प्रश्न, आणि तो टाळू नये. शेअरवेअरवर कित्येकांनी प्रामाणिकपणे थोडेफार पैसे मिळवले. आधी वापरा, आवडलं तर पाठवा, असा तो विश्वासाचा व्यवहार होता. विक्री चालू असताना सोर्स खुला करा असं म्हणणं अन्यायाचं ठरलं असतं. पण लेखक दूर गेला, पत्ता बदलला, नोंदणीचा क्रमांक देणारं कुणी उरलं नाही, की पैसे द्यायला तयार असलेल्या माणसालाही प्रोग्राम पूर्ण मिळत नाही. तेव्हा बंद सोर्सने लेखकाचं काहीच राखलं जात नाही, फक्त त्याची मेहनत वाया जाते. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे पुस्तकंच्या पुस्तकं वेगवेगळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांत टंकित झाली. मूळ फाँट आणि परिवर्तक हाताशी नसेल, तर त्या फाइलीत आज रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. मजकूर आहे, पण तो उघडायची रीत एका विक्रेत्याच्या कपाटात राहिली.

सोर्स मिळाला की सगळं झालं, असंही नाही. तो उलगडणारा कंपायलर लागतो. पास्कलच्या बाबतीत फ्री पास्कलने ती सोय केली, जुना टर्बो पास्कलचा कोड थोड्या फेरफाराने त्यावर चढतो. आणि सुधारणाऱ्याला संयम लागतो. कारण युटिलिटी एकटी नसते, तिने लिहिलेली फाइल पुढचा प्रोग्राम वाचतो, आणि तो पुढचा कदाचित बंद सोर्सचाच असतो. उदाहरणार्थ, १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, १९७०पासून सेकंद मोजणारा बत्तीस बिटी चिन्हयुक्त खण भरेल. सोर्स हाती असेल तर तो खण कोडमध्ये मोठा करायला एक दुपार पुरते. पण काही बोर्डांच्या निरोपाच्या फाइलीत तारखेला चार बाइटच दिलेले आहेत. ते आठ केले की पुढची सगळी अक्षरं चार घरं सरकतात आणि शेजारच्या प्रोग्रामला सगळंच चुकीचं दिसू लागतं. म्हणून तिथे जाणता दुरुस्तीवाला रुंदी वाढवत नाही. त्याच चार बाइटांना चिन्हविरहित मानतो, तेवढ्याने मुदत २१०६पर्यंत जाते, आणि फाइलीची मांडणी जिथल्या तिथे राहते.