गावचा तलाव आणि त्याचा सांडवा

हिंगोली जिल्ह्याच्या नकाशावर नजर टाकली तर प्रथम दिसतात ते दोन मोठे जलाशय. एक पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर आणि दुसरा पैनगंगेवरील ईसापूर. ओढेनाले अडवून बांधलेले लहान तलाव मात्र त्याच नकाशावर निळ्या ठिपक्यांहून मोठे दिसत नाहीत. पारोळा, वडद, चोरजवळा, पेडगाव, सुरेगाव, पिंपळदरी ही त्यांपैकी काही नावे. मोठ्या धरणावर अभियंता असतो, चौकीदार असतो, दारे उघडण्याची नियमावली असते. लहान तलावावर बहुधा गुराखी असतो. या तलावाच्या सुरक्षिततेचा विचार म्हणूनच गावापासून सुरू करावा लागतो.

मराठवाड्यातील अशा कामांना मोठी चालना मिळाली ती १९७२ च्या दुष्काळात. हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमी योजनेतून ठिकठिकाणी पाझर तलाव व लघुसिंचन तलाव उभे राहिले. पाझर तलावास कालवा नसतो. तो जमिनीत पाणी जिरवितो आणि खालच्या विहिरींना आधार देतो. लघुसिंचन तलावास विमोचक व कालवा असतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र दोहोंची गोष्ट एकच आहे, कारण दोन्ही मातीचे भराव आहेत आणि त्यांपैकी जुन्या भरावांनी आता पन्नाशी गाठली आहे.

मातीचे धरण म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. त्याच्या मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. पाण्याला अडविण्याचे काम तो करतो, आणि जमिनीखाली कठीण थरापर्यंत खंदक खणून तो खाली उतरविलेला असतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचे कवच असते, ते भरावाला वजन व स्थैर्य देते. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगड बसवितात. बाहेरील उताराच्या पायथ्याशी वाळू, खडी व दगड यांचे थर रचलेले असतात, ते आत मुरलेल्या पाण्याला वाट देतात आणि माती मात्र रोखून धरतात.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. मातीच्या धरणातून थोडा पाझर होणे हा दोष नाही. पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल व त्याचे प्रमाण तलावाच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. परंतु तेच पाणी गढूळ झाले तर ते आपल्याबरोबर भरावातील माती घेऊन येत आहे असे समजावे. आतून माती जाऊ लागली की पोकळी तयार होते, पोकळीतून पाणी अधिक वेगाने धावते, आणि ते आणखी माती नेते. याची परीक्षा शाळेतील मुलांनाही करता येईल. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी तळाशी गाळ बसला आहे का ते पाहावे.

आपल्याकडील काळ्या मातीचा एक स्वभाव शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तलाव आटला की हीच गोष्ट भरावाच्या माथ्यावर घडू शकते. मे महिन्यात दिसणारी लांबट भेग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाण्याची वाट होते. भरावावर वाढलेली बाभळीची झाडे अनेकांना मजबुतीची खूण वाटतात. वस्तुतः झाड वठले की त्याची मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी आयत्या नळ्या राहतात. उंदीर-घुशी व खेकडे यांची बिळे हाही याच जातीचा उपद्रव होय.

तरीही लहान तलावांना सर्वांत मोठा धोका माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा असतो. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो टिकू शकतो. मातीचा भराव काही तासांत वाहून जातो. हे टाळण्यासाठीच सांडवा असतो. सांडव्याला बहुधा दारे नसतात; तलाव भरला की जादा पाणी त्यावरून आपोआप निघून जाते.

नेमक्या याच सांडव्यावर गावाचा डोळा असतो, आणि त्याला कारणही आहे. वसमतसह जिल्ह्यातील हळद मे-जूनमध्ये लावली जाते व काढणीस फेब्रुवारी-मार्च उजाडतो. एवढा काळ शेत ओले ठेवायचे तर तलावात हातभर पाणी अधिक असावे असे कोणाही बागायतदारास वाटणारच. मग सांडव्यावर मातीची पोती रचली जातात, कोठे दगडमातीचा बांधही घातला जातो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावली जाते, आणि पुरात तिला पालापाचोळा अडकून तिची भिंत होते. सांडव्याच्या पुढची पुच्छनाली पडीक दिसते म्हणून तेथे कोणी पेराही करतो. यांतील कोणीही गावाचे वाईट चिंतीत नसतो.

या हातभर पाण्याची किंमत हिशेबाने पाहावी. समजा, सांडव्याची लांबी ५० मीटर आहे आणि महत्तम पुरात त्यावरून १ मीटर उंचीचे पाणी वाहील असे धरले आहे. अशा सांडव्यावरून सेकंदाला सुमारे ८५ घनमीटर पाणी जाते. तलावाचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर असून ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस टिकून राहिला व तो सगळा वाहत आला, तर येणारे पाणी सेकंदाला सुमारे ६९ घनमीटर होते. सांडवा ते सहज पेलतो. आता त्यावर ३० सेंटिमीटर उंचीचा बांध घातला, तर त्याच पूरपातळीला केवळ ५० घनमीटर पाणी बाहेर पडेल. उंची वाढली एक फूट, पण वाहून नेण्याची शक्ती चाळीस टक्क्यांनी घटली. उरलेले पाणी तलावात चढत राहते आणि भरावाच्या माथ्याखाली राखून ठेवलेली मोकळी उंची खाऊ लागते. ही मोकळी उंची लाटांसाठी व अनपेक्षित पुरासाठी असते. त्यातच भराव जेथे सर्वांत उंच, तेथेच तो वर्षानुवर्षे अधिक खचतो. माथ्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर व गुरे जाऊन खोलगट वाट पडली असेल, तर पाणी पहिल्यांदा तेथूनच ओसंडते.

असा पाऊस काल्पनिक नाही. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि हिंगोली जिल्ह्यात कयाधूला पूर आला. लहान पाणलोटाचे वैशिष्ट्य असे की तेथे पूर फार लवकर चढतो. निरोप तालुक्यास पोहोचेपर्यंत सांडवा भरून वाहत असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. वीसहून अधिक माणसे त्यात दगावली. त्या धरणाच्या गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. पानशेत (१२ जुलै १९६१) सर्वांच्या स्मरणात आहे. तिवऱ्याचे धरण त्या मानाने अगदीच लहान होते, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

राज्याची धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून नाशिक येथे आहे. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. त्याच्या कक्षेत १५ मीटरहून उंच धरणे येतात, आणि १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पूरविसर्ग अशा ठराविक अटी पूर्ण करीत असतील तरच येतात. दहा मीटरांच्या आतील भरावाचे रक्षण मुख्यतः ज्याच्या मालकीचा तलाव, त्या यंत्रणेच्या व गावाच्या दक्षतेवर राहते. म्हणून आपला तलाव जिल्हा परिषदेचा, मृद व जलसंधारण विभागाचा की जलसंपदा विभागाचा, हे ग्रामपंचायतीने प्रथम लेखी माहीत करून घ्यावे. तक्रार चुकीच्या दारात पडून राहिली तर पावसाळा थांबत नाही.

तलावाचे उपयोग अनेक व हितसंबंधही अनेक आहेत. कालव्याखालील शेतकऱ्यास साठा हवा, मच्छीमार संस्थेस तळाशी पाणी राहायला हवे, बुडित क्षेत्रात गाळपेर करणाऱ्यास पाणी लवकर उतरायला हवे, आणि उन्हाळ्यात पिण्याचा प्रश्न सर्वांचाच. साठा वाढवायचा असेल तर सांडव्याला हात न लावता गाळ काढणे हा सरळ मार्ग आहे; गाळ शेतात पडला तर दुहेरी लाभ होतो. मात्र भरावाच्या पायथ्यालगत खोदू नये. तेथील चिकण थर निघाला की पाण्याला धरणाखालून वाट मिळते. खोदाईची हद्द अभियंत्याकडून चुना टाकून आखून घ्यावी आणि मगच यंत्र उतरवावे.

तपासणी वर्षातून दोनदा हवी, मे महिन्यात व पावसाळा संपताच. मेमध्ये भेगा, बिळे, झुडपे, माथ्याचा खोलगटपणा व सांडव्यातील अडथळे पाहावेत आणि विमोचकाचे दार एकदा उघडून-मिटून घ्यावे, कारण गंजलेले दार नेमके ऐन वेळी हलत नाही. ऑक्टोबरात तलाव भरलेला असताना पायथ्याचा पाझर पाहावा व त्याची तारखेसह नोंद ठेवावी. भर पावसात पायथ्याशी गढूळ पाण्याचा उमाळा फुटलाच, तर वरून माती टाकून तो बुजवू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडे फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघते व माती थांबते. त्याच वेळी विमोचक उघडून पातळी उतरवावी, संबंधित उपअभियंता व तहसीलदार यांना कळवावे, आणि ओढ्याकाठची वस्ती, रात्र असली तरी, उठवून उंचावर न्यावी.