यूएसबीची बोलणी ऐकायची तर कोणता लॉजिक अ‍ॅनालायझर घ्यावा?

आजचा भाग खास हाताने बोर्ड बनवणाऱ्यांसाठी. घुग्घुसला एका बाजूला वेकोलिच्या खाणी, दुसऱ्या बाजूला कारखाने. घरोघरी मल्टिमीटर हाताळणारं कुणीतरी असतंच. पण तुमचा बोर्ड लॅपटॉपला लावला आणि ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ असं आलं, तर मल्टिमीटर काय सांगणार? पाच व्होल्ट येतायत, एवढंच. तारेवर नेमकं काय बोलणं झालं, ते लॉजिक अ‍ॅनालायझर दाखवतो.

आधी वेग बघा, मग किंमत

यूएसबी १.१ आणि २.० मध्ये तीन वेग आहेत. लो स्पीड म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिट, फुल स्पीड १२ आणि हाय स्पीड ४८०. तुमचा कोणता? लिनक्समध्ये बोर्ड लावून ‘डीमेसेज’ कमांड चालवा, तिथे वेग लिहून येतो.

आता हिशोब. एका बिटमागे किमान चार नमुने तरी हवेत. आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त अ‍ॅनालायझर साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. लो स्पीडला तो बिटमागे १६ नमुने देतो. एकदम मस्त! एटीटायनी ८५ वर व्ही-यूएसबी वापरणाऱ्यांना तेवढा पुरे. पण फुल स्पीडला? २४ भागिले १२, म्हणजे फक्त दोन नमुने. कधी जमेल, कधी चुकेल, आणि मग चूक बोर्डाची की यंत्राची हेच कळणार नाही.

फुल स्पीड असेल तर

ईएसपी३२-एस३ किंवा रास्पबेरी पाय पिकोची यूएसबी फुल स्पीडची असते. इथे ४८ मेगाहर्ट्झच्या खाली जाऊ नका, १०० असेल तर उत्तम. दुसरा एक पिको घेऊन त्याचाच १०० मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालायझर करता येतो, सॉफ्टवेअर फुकट आहे. पण त्याची मेमरी छोटी. पूर्ण वेगात जेमतेम एखादा मिलिसेकंद टिपतो. म्हणून ट्रिगर नीट लावावा लागतो. जास्त वेळ टिपायचं असेल तर डीएसलॉजिक प्लससारखं यंत्र, पण त्याला खिसा बराच मोकळा करावा लागतो.

हाय स्पीडसाठी पैसे घालवू नका

४८० मेगाबिट यातल्या कुठल्याच यंत्राच्या आवाक्यात नाही. तिथे वायरशार्क वापरा. ते कॉम्प्युटरच्या आतूनच यूएसबीची देवाणघेवाण दाखवतं, तेही फुकट. मात्र तारेवरचा बिघाड त्यात दिसत नाही.

जोडताना

केबलमध्ये सहसा हिरवी तार डी प्लस, पांढरी डी मायनस, काळी ग्राउंड. तिन्ही जोडा. एकाच डेटा तारेवर भागत नाही, कारण पॅकेट संपल्याची खूण म्हणजे दोन्ही तारा एकदम शून्यावर येणं. लाल तारेवर पाच व्होल्ट असतात, पिकोला ती लावू नका. पुढे पल्सव्ह्यूमध्ये यूएसबी डिकोडर निवडून वेग बरोबर भरा.

मग बघा: लॅपटॉपने विचारलं आणि बोर्ड गप्प राहिला, की ‘नॅक’ देत बसला, की ‘स्टॉल’ म्हणाला? गप्प असेल तर आधी क्रिस्टल आणि जोडणी तपासा. सतत ‘नॅक’ येत असेल तर कोड कुठे अडकलाय ते शोधा. ‘स्टॉल’ असेल तर डिस्क्रिप्टर बघा.

तर मंडळी, ऑर्डर टाकण्याआधी वेग तपासा. भेटू पुढच्या भागात!