लाल चौकोन आणि बाण

१९८१ सालच्या आयबीएम पीसीवर शिफ्टसोबत प्रिंट स्क्रीनची कळ दाबली, की पडद्यावरची अक्षरं खरोखरच प्रिंटरमधून कागदावर उमटत. विंडोज आलं तेव्हा कळीचं नाव तेच राहिलं, काम मात्र बदललं. चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर जाऊ लागलं. पडद्यावर काहीच हलत नसल्यामुळे नवख्याला कळ बिघडल्यासारखी वाटायची. मग शेजारच्या टेबलावरून सूचना यायची, "अगं, पेंट उघड आणि कंट्रोल व्ही मार." पुढची कित्येक वर्षं आपल्या ऑफिसांतलं स्क्रीन कॅप्चरचं सगळं प्रशिक्षण या एका वाक्यात आटपलेलं होतं.

त्या काळातली मोठी तक्रार फाइलच्या आकाराची. १०२४ बाय ७६८ चा पडदा २४ बिट रंगांत बीएमपी करून ठेवला, की तो सव्वादोन एमबीचा होई आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावत नसे. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे वर्डची फाइल. सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांनी चुकांचे अहवाल असेच पाठवले: एका पानावर दोन पडदे, खाली दोन ओळी. ती सवय इतकी मुरली, की आजही एका चित्रासाठी वर्डची फाइल जोडणारे भेटतात. मला त्यांचा राग येत नाही. पद्धत भरवशाची होती.

पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर म्हणजे स्नॅगइट. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या टेकस्मिथ कंपनीनं ते १९९० मध्ये आणलं. हवा तेवढाच भाग पकडा, त्यावर बाण काढा, आकडे टाका, लांबलचक पान सरकवत सरकवत एकाच चित्रात घ्या, हे सगळं त्यात जमायचं. मॅन्युअल लिहिणारे आणि ट्रेनिंगवाले त्याच्या प्रेमात होते. इतरांचा प्रश्न साधा होता: एका लाल चौकोनासाठी एवढे पैसे? ही मंडळी फास्टस्टोन कॅप्चरकडे वळली. तेही पुढे सशुल्क झालं, तेव्हा ५.३ ही शेवटची फुकट आवृत्ती लोकांनी जपून ठेवली आणि पेन ड्राइव्हवरून एकमेकांना दिली.

२००७ हे साल या गोष्टीतलं वळणाचं. व्हिस्टाच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये स्निपिंग टूल आयतं मिळालं आणि ग्रीनशॉट व शेअरएक्स या दोन मुक्तस्रोत साधनांची सुरुवातही त्याच वर्षीची. स्निपिंग टूल आवडलं ते त्यात शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं म्हणून. अडचण एकच: उघडलेला मेनू पकडायला जावं, तर टूलवर क्लिक करताच मेनू मिटे. आधी एस्केप आणि मग कंट्रोलसह प्रिंट स्क्रीन, हा उपाय फार थोड्यांना ठाऊक होता. काही सेकंद थांबून चित्र घ्यायची सोय विंडोज १० मध्ये आली. ग्रीनशॉटवाल्यांचं कौतुक वेगळ्या जातीचं. विंडोजसाठी २०१७ मध्ये आलेल्या आवृत्तीवर त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली आणि नवी येत नाही म्हणून फारसं कुणी कुरकुरलं नाही. सॉफ्टवेअरला याहून मोठी पावती मिळत नसावी. शेअरएक्समध्ये सगळंच आहे. पण त्याच्या सेटिंगमध्ये शिरलेला माणूस जेवायच्या सुटीपर्यंत बाहेर येत नाही.

एक चांगली गोष्ट मात्र वाया गेली. विंडोज ७ मधला स्टेप्स रेकॉर्डर प्रत्येक क्लिकचं चित्र घेऊन खाली कृतीची ओळ आपोआप लिहायचा. 'माझ्याकडे चालत नाही' एवढंच कळवणाऱ्यांसाठी याहून योग्य काही नव्हतं. ते कुणाला माहीतच नव्हतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते निवृत्त करायचं जाहीर केलं, तेव्हा हळहळ व्यक्त केली ती बहुधा सपोर्टवाल्यांनी.

स्निपिंग टूलचंही २०१८ मध्ये असंच चाललं होतं. 'मी आता दुसऱ्या घरी जातोय' अशी पाटी त्यात झळकली आणि स्निप अँड स्केच पुढे आलं. लोक वैतागले. विंडोज ११ मध्ये जुनं नाव परतलं. पण ३१ ऑक्टोबर २०२१ ला एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि काहींचं टूल उघडेनासं झालं. कंपनीनं तात्पुरता उपाय सांगितला: प्रिंट स्क्रीन दाबा आणि पेंटमध्ये चिकटवा. शेजारच्या टेबलावरचा सल्ला आता थेट मायक्रोसॉफ्टकडून!

व्हिडिओचं फार सांगत नाही. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं, तसं लूमसारख्या साधनांवर पडदा रेकॉर्ड करून पाठवणं रूढ झालं. अनेकांचं मत तेव्हाही असंच होतं, की तीन बाणांनी समजणाऱ्या गोष्टीसाठी पाच मिनिटं ऐकायला लावू नका. मी त्यांच्याच बाजूचा.

गेल्या काही वर्षांत बोलण्याचा सूर बदलला आहे. पूर्वी चित्र पकडायचं कसं, हा प्रश्न होता. आता त्यातलं झाकायचं कसं, हा आहे. मार्च २०२३ मध्ये उघड झालं, की पिक्सेल फोनवर आणि विंडोजच्या टूलमध्ये कापून टाकलेला भाग काही वेळा परत मिळवता येतो. लहान झालेलं चित्र जुन्याच फाइलवर लिहिलं जाई, पण फाइलची उरलेली शेपटी छाटली जात नसे. दुरुस्ती लगेच आली, मात्र आधी पाठवलेल्या चित्रांचं काय करणार? मे २०२४ मध्ये रिकॉलची घोषणा झाली. संगणक स्वतःच दर थोड्या वेळानं पडदा टिपून ठेवणार, हे ऐकून इतका गदारोळ उठला, की मायक्रोसॉफ्टला ते मागे घेऊन, वापरणाऱ्यानं होकार दिल्याशिवाय सुरू होणार नाही अशा रूपात आणावं लागलं.

आपल्याकडे तर यूपीआयची पावती, आधार, सातबारा, सगळं स्क्रीनशॉटनंच फिरतं. खोट्या पावत्या दाखवून दुकानदारांना फसवल्याच्या बातम्याही आता नव्या राहिलेल्या नाहीत.

एवढ्या वर्षांनंतर माझं मत असं: रोजच्या कामाला विंडोज, शिफ्ट आणि एस पुरेसं आहे, आकडे टाकून पायऱ्या दाखवायच्या असतील तर ग्रीनशॉट घ्या, पैसे खर्च करावेत ते मॅन्युअल लिहिणाऱ्यांनीच. आणि खाते क्रमांक किंवा आधार झाकताना अक्षरं नुसती धूसर करू नका, हायलायटरही फिरवू नका. त्यावर भरीव काळा चौकोन टाका, चित्र नव्या नावानं साठवा आणि मगच पाठवा.